सात नंबरची वीट

सकाळी आठला दोन मिनिटं कमी असताना माझी नात ईशानी चहात खारी बुडवत होती, तिचा फोन वाजला, आणि ती उभी राहिली. एवढंच झालं. फोन आला की माणसं उभी राहतातच. फेऱ्या मारतात, बाल्कनीत जातात, माझा मुलगा वरद तर बॉसचा फोन आला की फ्रिज उघडून आत बघत उभा राहतो. पण ही उभी राहिली ती टाचा जुळवून, हात पाठीमागे बांधून, नजर जमिनीवर टाकून, आणि जी पोरगी लहानपणापासून एका श्वासात तीन भाषा बोलते, तिच्या तोंडून धुऊन पिळून दोरीवर टाकल्यासारखा आवाज निघाला, "गुड ईव्हनिंग, बिग सिस्टर. नंबर सेव्हन रिपोर्टिंग, बिग सिस्टर." आमच्याकडे सकाळ होती. खाली ऊद मेथाच्या रस्त्यावर शाळेच्या पिवळ्या बसेसची रांग लागली होती. खारी विरघळून कपाच्या तळाला गेली. मी त्या पाठीकडे बघत राहिलो. मानेपासून कमरेपर्यंत ताठ, आणि खांद्याच्या दोन पात्यांच्या मध्ये एक बारीक थरथर, फ्रिजवर ठेवलेल्या ग्लासातल्या पाण्यात उठते तशी. अशी पाठ मी आयुष्यात एकदाच पाहिली होती. बेचाळीस वर्षांपूर्वी, फुजैराच्या समुद्रात, तेलाच्या बार्जवर. ती पाठ माझी नव्हती. हे मुद्दाम सांगतोय, कारण आमच्या घरात, सोयऱ्याधायऱ्यांत, पार बर दुबईच्या जुन्या देवळाच्या गल्लीतल्या फुलवाल्यापर्यंत सगळ्यांना ती पाठ माझीच होती असं ठाऊक आहे. मीच सांगितलंय.

"शो मी," फोनमधून एक बाई म्हणाली. बाई कसली, हिच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी पोरगी. ईशानी आत धावली. बॅगेची चेन, कपाटाचं दार, पलंगाखालचं खरवडणं, सगळं ऐकू आलं आणि मग किंचाळी. "आजी! माझी वीट कुठाय?"

"वीट?" मी म्हणालो.

"देवघरात आहे गं," आमची शोभना किचनमधून शांतपणे म्हणाली. "एवढी साटिनच्या कापडात गुंडाळून अमेरिकेहून आणलीस, आणि ठेवलीस कुठे, तर चपलांखाली. कुठल्या देवळाच्या पायाची आहे?"

आमचं देवघर म्हणजे किचनच्या कपाटाचा एक खण. तिथे गणपती आणि बाळकृष्ण यांच्या मध्ये ती बसली होती. चांगली भाजलेली, जड, निळा रंग दिलेली वीट. वर चंदेरी ग्रीक अक्षरं, खाली सात आकडा. शोभनाने ती अक्षरं कुठल्यातरी दक्षिणेकडच्या लिपीतला मंत्र समजून नेमकी त्यांच्यावरच हळदीची दोन बोटं ओढली होती, मग कुंकवाची दोन, वर झेंडू. "मला वाटलं सप्तर्षींचं काही असेल," ती नंतर मला म्हणाली, आणि त्या वाटण्यात तिचा किती आनंद होता ते मला आदल्या रात्रीच दिसायला हवं होतं, कारण ती स्वयंपाक करताना गुणगुणत होती. नात परदेशात जाऊन देवाधर्माला लागली, यापरता आजीला वेगळा पगार काय हवा.

ईशानीने झेंडू उडवला आणि वीट कॅमेऱ्यासमोर धरली.  मग तिकडून जे काही आलं त्यातलं अर्धं मला कळलं नाही, आणि कळलेलं लिहिण्याजोगं नाही. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. पडद्यावर एक खोली होती, त्यात सहा मुली एका रांगेत. सगळ्यांचे हात समोर ताणलेले, तळव्यांवर एकेक निळी वीट. सात नंबरने वीट बाटवली, म्हणून बाकीच्या सहांनी सात मिनिटं हात खाली करायचे नाहीत. शेवटची मुलगी उंच, केसांच्या बारीक वेण्या, तिचे खांदे प्रत्येक श्वासाला कानापर्यंत चढत होते. त्या श्वासाला शिट्टी होती. इकडे दुबईत, आमच्या डायनिंग टेबलावर, खारीच्या डब्याशेजारी ती शिट्टी ऐकू येत होती.

"इमानी नीड्स हर पंप, बिग सिस्टर," ईशानी म्हणाली.

"डिड आय आस्क यू, सेव्हन?"

दम्याचा तो निळा पंप चित्राच्या कोपऱ्यात टेबलावर दिसत होता. हाताच्या अंतरावर, पण हात तर विटेखाली. सात मिनिटं म्हणजे किती असतात हे त्या सकाळी मला पुन्हा समजलं. मधे शोभना येऊन हळूच म्हणाली, "व्यायाम चाललाय का गं?" मग फोन कट झाला. थोड्या वेळाने मेसेज आला, इमानीचा: मी ठीक आहे. त्याच्यामागून दुसरा, बिग सिस्टरचा: वीट स्वच्छ होईपर्यंत रोज. उद्या चौदा मिनिटं.

हळद विटेत मुरते. शोभनाने लिंबू चोळलं, मीठ चोळलं, भांड्याचा साबण लावला. निळा रंग निघायला लागला, हळद निघेना. "उन्हात ठेवली तर दोन दिवसांत उडेल," ती म्हणाली, बिचारी रडवेली झाली होती. दोन दिवस. ईशानीने हिशेब केला असावा, कारण ती बाथरूममध्ये जाऊन ओकली. वरद आणि सूनबाई आभा दोघं कधीच ऑफिसला गेली होती. ती बाहेर आली, माझ्या समोर बसली आणि म्हणाली, "आजोबा, मी तुम्हाला सांगते, पण बाबांना नाही. प्रॉमिस?" मी मान हलवली. मी मान हलवण्यात कधी कसूर केलेली नाही.

ती अमेरिकेत काळ्या लोकांच्या एका जुन्या विद्यापीठात फार्मसी शिकते. दुसरं वर्ष. इथून गेली तेव्हा पहिले तीन महिने रोज फोनवर रडायची. मग एकदम रडणं थांबलं, आणि आम्ही इन्शाल्ला म्हणून सुटकेचा श्वास सोडला. ते का थांबलं हे कुणी विचारलं नाही. इमानी भेटली म्हणून थांबलं. इमानीने तिला घरी नेलं, तिच्या आजीने हिला समोर बसवून केसांना तेल लावलं, जेवू घातलं, आणि "तू कुणाची गं?" असं आपल्याकडच्या म्हाताऱ्या विचारतात तसं विचारलं. त्या आजीच्या कोटावर चंदेरी बिल्ला होता. साठ वर्षांपूर्वी ती त्या विद्यापीठातल्या मुलींच्या एका संघात आली. त्या काळात बाकीची बहुतेक दारं बंद, मग या मुलींनी आपलं दार आपणच केलं. एकमेकींना बहिणी म्हटलं आणि मरेपर्यंत तसं वागल्या. आजीची नोकरी गेली तेव्हा बहिणी पाळी लावून डबे घेऊन आल्या. आजोबा वारले तेव्हा पांढऱ्या कपड्यांतल्या चाळीस जणी चर्चच्या दाराशी उभ्या होत्या. "चाळीस, आजोबा. आपल्याकडे कुणी गेलं तर चाळीस लोक येतील का, इथे दुबईत?" मी मनात मोजायला लागलो आणि सोडून दिलं. त्या संघात इमानीची आजी, मग आई, आता इमानी. आणि इमानीने हिचा हात धरून हिलाही रांगेत उभं केलं. त्या रांगेला लाइन म्हणतात. सात जणी, इमानी सहा नंबर, ही सात. लाइन संपली की सगळ्यांसमोर मुखवटे काढून, पाय आपटत, टाळ्यांच्या ठेक्यावर नाचत त्या बहिणी म्हणून बाहेर येतात. ते सांगताना तिचे पाय टेबलाखाली आपोआप ठेका धरत होते आणि मला, काय सांगू, त्या पोरींचा हेवा वाटला.

"मग ही वीट?"

"ते ऑफिशियल नाही. हेडऑफिसने हे सगळं केव्हाच बॅन केलंय. फॉर्म भरायचा, इंटरव्ह्यू द्यायचा, झालं. पण नुसता फॉर्म भरून आलेलीला सगळे पेपर म्हणतात. कागदी. तिला कुणी बहीण मानत नाही, तिच्याशी कुणी नीट बोलत नाही. म्हणून सिनियर मुली, बिग सिस्टर, लपूनछपून लाइन चालवतात." वीट चोवीस तास जवळ ठेवायची. विटेला नाव असतं. विमानात ती मांडीवर होती. तपासणीवाल्याने विचारलं तेव्हा हिने सांगितलं, घरची आठवण. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं तर इथला रेसिडेन्स व्हिसा मरतो, डिसेंबरात ही इमानीकडे राहिली होती, म्हणून आता फेब्रुवारीत व्हिसा जिवंत ठेवायला पाच दिवस आली. ती सुट्टीसुद्धा बिग सिस्टरने मेहेरबानी म्हणून दिली. तिने हात टेबलावर पालथे ठेवले होते. मी ते उलटे केले. तळव्यांवर विटेच्या कडांचे काळेनिळे पट्टे होते, दोन्ही हातांवर सारखे.

"सोड हे," मी म्हणालो.

ती हसली. "तुम्ही म्हणताय? आजोबा, तुम्ही? अंगावर तेल सांडल्याशिवाय माणूस बार्जचा होत नाही, हे कुणी सांगितलं मला?"

आता ती गोष्ट. ईशानी चार वर्षांची असल्यापासून मी तिला ती सांगत आलोय. शाळेच्या बसची वाट बघताना, क्रीकवर अब्राच्या होडीत बसून, तापात कपाळावर घडी ठेवून. फुजैराच्या बंदरात नांगरलेल्या मोठ्या जहाजांना इंधन पाजणारी आमची बार्ज. तिच्यावर नवीन माणूस आला की पहिल्या भरणीला त्याला डेकवर उभा करायचा, हात मागे, मान खाली, आणि जहाजाचं काळं, कोमट, काकवीसारखं तेल बादलीभर डोक्यावर. त्याला तेलाचा बाप्तिस्मा म्हणायचे. बसऱ्याच्या बंदरापासून चालत आलेली रीत. आणि मी, विजयकुमार, मुंबईचा सडपातळ पोरगा, तेलातून डोळे उघडून असा काही हसलो की कॅप्टनने सॅल्यूट ठोकला. दर वर्षी बादल्या वाढत गेल्या. एका वर्षी तीन होत्या. ईशानीच्या पाचव्या वाढदिवसाला त्यात एक हामूर मासाही निघाला. माझ्या गोष्टींत मासे वजनाने वाढतात, ते मी मान्य करतो. एकदा मी झोपलेल्या कॅप्टनचं जहाज दोरीने ओढून किनाऱ्याला लावलं होतं, तेही आहे. पण ही गोष्ट सांगताना पोरीचे डोळे जसे मोठे व्हायचे तसे दुसऱ्या कशाने होत नसत. तेवढ्यासाठी मी ती सांगत राहिलो. तेवढ्यासाठीच का? चहा पार गार झाला होता, तरी मी तो पिऊन टाकला.

"ईशे, ते मी नव्हतो," मी म्हणालो. "तो जोकिम होता. आपला फुजैराचा जोकिम काका. बादली माझ्या हातात होती."

तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या तोंडावर ते प्रेमळ, सवयीचं हसू आलं. माझ्या गोष्टींसाठी राखून ठेवलेलं. "नाइस व्हर्जन, आजोबा. मला थांबवायला ना? सो स्वीट."

"खरं सांगतोय."

"हो. आणि हामूर कुणाच्या डोक्यावर पडला?"

माणसाने आयुष्यभर खोट्या नोटा वाटल्या आणि एक दिवस खरी काढली, तर ती उजेडात धरून बघायचे कष्टही कुणी घेत नाही. मी उठलो, पायात बूट घातले. म्हटलं, गाडी काढ. फुजैराला जाऊ. जोकिमलाच विचार. उद्या सकाळी आठपर्यंत वेळ होता आपल्याकडे.

गाडी तिने चालवली. मागच्या सीटवर, पट्टा लावून, हळदीकुंकू ल्यालेली वीट. शोभनाने डब्यात चकल्या दिल्या. संकट कोणतंही असो, फुजैराला रिकाम्या हाताने जायचं नाही. डोंगर दिसायला लागले, वैराण, तपकिरी, जवळून पाहिलं तर जांभळे. पूर्वी हा रस्ता नव्हता तेव्हा आम्ही वळसे घालत यायचो, जोकिम गाडीत गात असायचा, आणि माझ्या उजव्या हाताला बसायचा, म्हणजे त्याचा डावा, बहिरा कान माझ्याकडे. ते आता लख्ख दिसलं. चुकून नव्हे, मीच नेहमी त्याच्या डाव्या बाजूला असायचो. इंडियन क्लबच्या पार्टीत मी तेलाची गोष्ट रंगवायचो तेव्हाही त्याच्या डाव्या बाजूला. तो ग्लास हातात धरून समोर बघत मंद हसत असायचा आणि मी स्वतःला सांगायचो, त्याला ऐकू येत नाहीये. वाटेत ईशानीचा फोन दोनदा किणकिणला, दोन्ही वेळा तिचा खांदा उडाला.  अशा वेळी मी एरवी एखाद्या उंटाची गोष्ट मधे आणली असती.

जोकिम वसईचा. बार्जवर आला तेव्हा बावीसचा, आता चौसष्ट. मुलगा केनेथ बंदरात कामाला, त्याच्या फ्लॅटवर म्हातारा-म्हातारी राहतात. खिडकीतून समुद्रात नांगरलेली जहाजं दिसतात. दार उघडताना उजवा कान पुढे करून तो ओरडला, "विज्या! हबीबी! फोन करायचा नाही काय रे? आणि ही ईशानी? एवढी मोठी? रोझ, बघ कोण आलंय!"

रोझ हात पुसत आली. "काय विजयभाऊ, शोभनाताईंना कुठे ठेवलंत?"

"घरी. डाग काढतेय," मी म्हणालो, आणि पाणी यायच्या आत मूळ गोष्टीला हात घातला, नाहीतर माझा धीर गेला असता. "जोकिम, हिला एक सांग. त्या दिवशी बार्जवर बादली कुणावर ओतली होती?"

जोकिमने माझ्याकडे पाहिलं. मग ईशानीकडे. त्याच्या डोळ्यांत एक मिश्कील ठिणगी आली, आणि छाती पुढे काढून तो म्हणाला, "कुणावर म्हणजे? तुझ्या आजोबावर! एक नाही, तीन बादल्या. आणि हा असा हसत उठला ना पोरी, कॅप्टनने सॅल्यूट मारला."

"सी?" ईशानी म्हणाली.

 म्हणजे ऐकू येत होतं त्याला. प्रत्येक पार्टीत, प्रत्येक शब्द. बादल्या वाढलेल्यासुद्धा ठाऊक होत्या. चाळीस वर्षं तो माझं खोटं सांभाळत आला होता, दोस्ताची उशिरा परत करायची वस्तू सांभाळावी तसं. "जोकिम, खलास," मी म्हणालो. "पोरीच्या जिवाचा प्रश्न आहे. दाखव गं हात." तिने दाखवले. त्याने ते आपल्या हातात घेतले, अंगठ्याने पट्ट्यांवरून अलगद फिरवलं, आणि खाली बसला.

"माझ्यावर ओतली," तो म्हणाला. "तेल कानात गेलं. कंपनीला कळेल म्हणून तीन दिवस डॉक्टर नाही. मग पू झाला. मग गेला कान." ईशानीचं हसू कुठे गेलं ते मला दिसलं नाही, मी जमिनीकडे बघत होतो. "पण पोरी, एक सांगू? त्या दिवशी रात्री यांनीच मला घासून आंघोळ घातली. डिझेलने, मग साबणाने. या विज्याने त्याच्या हाताने भात भरवला. त्याआधी महिनाभर माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. मी कॅम्पवर रात्री उशीत तोंड घालून रडायचो. त्या दिवसानंतर मी यांचा झालो. आणि रीतच होती ती. बसऱ्यापासूनची. विज्यावर त्याच्या वेळी ओतली, माझ्यावर माझ्या वेळी. राग कुणाचा धरायचा?"

ईशानी त्याच्याकडे एकटक बघत होती, आणि तिच्या मानेचं हळूहळू हो म्हणणं मला दिसत होतं. तिला हवं होतं ते मिळत होतं. मी तिला इतक्या लांब आणलं आणि जोकिमने तिच्या हातात तीच वीट, आणखी घट्ट, ठेवली. मी सोफ्यावर त्याच्या डावीकडे होतो. उठलो, फेरी मारून त्याच्या उजवीकडे येऊन बसलो. हे मी कधी केलं नव्हतं. त्यालाही ते नवीन वाटलं असावं, तो जरा सरकला.

"माझ्यावर कुणीही ओतली नव्हती," मी म्हणालो. "बसऱ्याची रीत वगैरे काही नव्हतं. मी बसरा नकाशातसुद्धा पाहिला नव्हता. तू येणार त्या आठवड्यात कंटाळा आला होता, म्हणून मी रचलं. सगळ्यांना पटलं. पहिला तूच, जोकिम."

त्याने मान माझ्याकडे वळवली. मग कान आणखी जवळ आणून म्हणाला, "परत सांग."

मी परत सांगितलं. त्याने ऐकलं होतं, त्याला दुसऱ्यांदा ऐकायचं होतं.

"साल्या," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मी बसऱ्याच्या त्या माणसांना शिव्या घालतोय." आणि हसला, खरंच हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा भलतीकडेच गेला. तो खिडकीकडे बघून बोलायला लागला, ईशानीशीच, पण तिच्याकडे न बघता. "पुढच्या वर्षी फहद आला. केरळचा. पंपावर. बादली माझ्याकडे आली, कारण आता मी सिनियर. हे लोक म्हणाले अर्धीच ओत, पोरगा बारका आहे. मी पूर्ण ओतली. मग दुसरी भरली. तो श्वास घ्यायला तोंड उघडत होता आणि मी म्हणालो, थांब, अजून. माझ्यावर झाली त्यापेक्षा जास्त वेळ धरून ठेवला त्याला मी. तिसऱ्या दिवशी तो गेला, सामानसुद्धा नेलं नाही. मला वाईट वाटलं नाही, पोरी. मला वाटलं, कमी ओतली असती तर माझा कान फुकट गेला असता."

रोझ दारात उभी होती, हातात पाण्याचे ग्लास. "मला तर सांगितलंस, कान पोहताना गेला," ती म्हणाली. "लग्नाच्या आधी विचारलं होतं मी."

"हो," जोकिम म्हणाला.

"आणि या पोराचं नावसुद्धा नाही काढलंस कधी."

"नाही काढलं."

तिने ग्लास ठेवले.  मग नवऱ्याच्या डोक्यावरून, डाव्या कानावरून, एकदा हात फिरवला, जरा जोरातच, मारल्यासारखा, आणि म्हणाली, "जेवा आता. सुरमईचं कालवण गरम केलंय." आम्ही जेवलो. जोकिमने माझ्या पानात मधला तुकडा वाढला. चकल्या फुटल्या. कुणी काही मिटवलं नाही आणि कुणी उठून गेलं नाही. मी त्याच्या उजवीकडे बसलो होतो, त्यामुळे घास चावतानाचा माझा आवाजसुद्धा त्याला ऐकू जात असणार. ईशानी मात्र भात चिवडत होती. मधेच तिने विचारलं, "अंकल, फहदला पाहिजे होतं का? म्हणजे, तो हो म्हणाला होता?"

"हो तर," जोकिम म्हणाला. "सगळेच हो म्हणतात. एकटा असतो ना माणूस."

खाली गाडीत बसल्यावर तिने इंजिन चालू केलं नाही. तिकडे पहाटेचे पाच. लाइनवाल्या मुली चारलाच उठतात. तिने आधी विद्यापीठाच्या ऑफिसला आणि संघाच्या हेडऑफिसला एक पत्र लिहिलं, फोनवरच, खाली स्वतःचं पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट. पाठवलं नाही. म्हणाली, "इमानीला माझ्याकडून कळलं पाहिजे, आधी." आणि फोन लावला. गाडीच्या स्पीकरवर त्या मुलीचा घोगरा आवाज सगळीकडून आला. बोलणं इंग्रजीतच झालं, मी माझ्या भाषेत सांगतो.

"पंप घेतलास का?" ईशानीने विचारलं.

"घेतला. तू ठीक आहेस? वीट धुतलीस?"

"मी लाइन सोडतेय, इमानी. आणि तक्रार करतेय, माझ्या नावाने. तुझं नाव लिहिलं नाही. पण पंप टेबलावर होता हे लिहिलंय."

पलीकडे एक दार लागल्याचा आवाज आला. मग, "तुला कळतंय का तू काय करतेयस? लाइन बंद होईल. माझी आजी या महिन्यात ऐंशी वर्षांची होतेय, तिला मला तो बिल्ला लावायचाय. तू सोडून दुबईला जाशील. हे माझं घर आहे, ईशानी. तुला पाहुणी म्हणून आणलं मी."

"माहितेय."

"मग पेपर हो तू. माझ्या लाइनला हात लावू नकोस."

"फॉर्म भरून ये ना तूही. आजीला सांग, ती—"

"आजी तेव्हा स्वतः वीट घेऊन चालली होती!"

"पुढच्या वर्षी आपल्या हातात देतील सगळं," ईशानी म्हणाली. तिचा आवाज आता चिरकत होता, पण सकाळसारखा सपाट नव्हता. "नवीन मुली येतील. मी स्वतःला ओळखते, इमानी. माझे हात बघते ना मी, तेव्हा मला वाटतं त्यांनी माझ्यापेक्षा एक मिनिट तरी जास्त धरावं. मला आजच वाटतंय. तुला नाही वाटत?"

स्पीकरमधून श्वास येत राहिला. शिट्टी होती, बारीक. मी ती मोजत बसलो. "आय लव्ह यू," ईशानी म्हणाली. फोन कट झाला.

तिने पत्र पाठवलं. अंगठा पडद्यावर टेकला आणि तिथेच राहिला, उचलायला विसरल्यासारखा. मग ती रडली, खांदे हलवून, लहानपणी शाळेत पहिल्या दिवशी रडली होती तशी मोठ्याने. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. समोर जहाजं होती, एकाच दिशेला तोंड करून, वारा फिरेल तशी फिरणारी.

"आजोबा, ती परत फोन करेल?"

करेल की, संध्याकाळपर्यंत करेल, आजीसुद्धा बोलेल तुझ्याशी, चाळीस जणी येतील विमानतळावर. सगळं जिभेच्या टोकावर तयार होतं, हामुरासकट. पोरगी माझ्याकडे बघत होती.

"मला माहीत नाही, ईशे," मी म्हणालो.

तिने नाक पुसलं. मी आणखी काही जोडतोय का याची वाट पाहिली. मी जोडलं नाही. मग तिने सीट थोडी मागे केली आणि फोन डॅशबोर्डवर उभा करून ठेवला.

"मग इथेच थांबू," ती म्हणाली. "पुढे बोगद्यांत रेंज जाते."